कॅपचा ऑप्शन फॉर्म: क्रम आवडीने लावा, लांबी आकड्यांवरून ठरवा

सीईटीचा निकाल लागला की पुण्यातल्या घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो: "एवढ्या पर्सेंटाइलला काय मिळेल?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो विचारायची वेळ चुकते. ऑप्शन फॉर्मच्या, म्हणजे कॉलेज-शाखांच्या पसंतीक्रमाच्या अर्जाच्या, पहिल्या ओळीपासून "काय मिळेल" हाच विचार केला, तर मिळण्यासारखं कॉलेज वर चढतं आणि हवं असलेलं खाली राहतं. कॅपची, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांची, पद्धत अशी आहे की या चुकीची किंमत पुढची चार वर्षं मोजावी लागते.

हा लेख अभियांत्रिकीच्या पदवी प्रवेशाबद्दल आहे. एमएचटी-सीईटी दिलेली मुलं, राज्य सीईटी कक्षाची कॅप प्रक्रिया, आणि पुणे व आसपासची कॉलेजं एवढाच आवाका. फेऱ्यांचे जे नियम खाली येतात ते २०२५-२६च्या प्रक्रियेतले आहेत. आपल्या वर्षाची माहितीपुस्तिका उघडून तेवढा भाग ताडून घ्या, कारण अधूनमधून त्यात बदल होतात.

संगणक यादी कशी वाचतो

सगळा खेळ इथे आहे, म्हणून आधी हे. संगणक मेरिट यादीतल्या पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करतो. त्या उमेदवाराच्या फॉर्ममधली पहिली ओळ बघतो, जागा शिल्लक असेल तर देतो, नसेल तर दुसरी ओळ बघतो. मग पुढचा उमेदवार. तुमचा नंबर येईल तेव्हा तुमच्याही फॉर्मवर तो वरून खाली येतो आणि जी पहिली मोकळी जागा दिसेल, तिथे थांबतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, अशक्य वाटणारं कॉलेज वर टाकल्याने काहीही बिघडत नाही. पहिल्या पाच ओळी लागल्या नाहीत म्हणून सहाव्या ओळीवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. "सीओईपी कॉम्प्युटर पहिलं टाकलं तर बाकीच्या कॉलेजांत आपण मागे पडू" ही समजूत दर वर्षी कुठून तरी उगवते. तिला काही आधार नाही. दुसरी गोष्ट: घाबरून खाली ढकललेला पर्याय मात्र खरोखर हातचा जातो. सोळाव्या ओळीवरची जागा मिळाली की सतराव्या ओळीपर्यंत संगणक पोचतच नाही.

म्हणून क्रमासाठी एकच कसोटी पुरते. यादीतल्या शेजारच्या दोन ओळी घ्यायच्या आणि विचारायचं: आज ही दोन्ही कॉलेजं हातात ठेवली तर कुठे जाशील? उत्तर वरच्या ओळीचं आलं पाहिजे. खालच्या ओळीचं आलं तर अदलाबदल करा. वरपासून खालपर्यंत दोन-तीनदा असं फिरलं की यादी आपोआप ठीक लागते. या वेळी कटऑफचा, म्हणजे मागच्या वर्षी कुठली जागा कितीला बंद झाली त्याचा, कागद समोर ठेवू नका, तो दिसला की हात वळतो. आणि ही कसोटी मुलाला किंवा मुलीला लावा, काकांना नको.

पर्सेंटाइल बाजूला, मेरिट नंबर पुढे

क्रम लागला. आता यादी कुठपर्यंत न्यायची, यासाठी आकडे.

पर्सेंटाइल सात दशांशांपर्यंत छापलेला असतो, त्यामुळे तो फार नेमका वाटतो. पण दोन वर्षांचे पर्सेंटाइल शेजारी ठेवून तुलना केली की फसगत होते. परीक्षेला ३ लाख मुलं बसली तर ९७ पर्सेंटाइलच्या पुढे साधारण ९,००० जण असतात. ४ लाख बसली तर त्याच ९७च्या पुढे १२,००० जण. कॉलेजातल्या जागा काही त्या प्रमाणात वाढत नाहीत. तेव्हा "गेल्या वर्षी ९७ला मिळालं होतं" या वाक्यात तसा फार अर्थ नाही.

कॅपची नोंदणी आणि कागदपत्रांची पडताळणी झाल्यावर राज्याची मेरिट यादी लागते. त्यातला मेरिट नंबर म्हणजे कॅपमध्ये उतरलेल्यांच्या रांगेतली तुमची जागा. मागच्या वर्षाच्या कटऑफमध्येही मेरिट नंबर छापलेला असतो. नंबराची नंबराशी तुलना केली तर ती बऱ्यापैकी टिकते. यादी लागेपर्यंत पर्सेंटाइलवर कच्चा अंदाज बांधायला हरकत नाही, पण पक्की आखणी नंबर हातात आल्यावरच करा.

कटऑफच्या पीडीएफमधला एक रकाना

सीईटी कक्ष प्रत्येक फेरीची कटऑफ यादी पीडीएफमध्ये टाकतो. शेकडो पानं असतात. प्रत्येक शाखेखाली आडवे रकाने आणि त्यांवर इंग्रजी अक्षरांचे जोडकोड: जीओपनएच, एलओपनएच, जीओबीसीएच, जीएनटी३एच, टीएफडब्ल्यूएस असे. ते सुटे करून वाचायचे. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे फक्त मुलींसाठी. मधला भाग प्रवर्ग. एनटी१, एनटी२, एनटी३ म्हणजे अनुक्रमे भटक्या जमाती ब, क आणि ड. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातले, एस म्हणजे राज्यस्तर. रकान्यात वरचा आकडा मेरिट नंबर, त्याखाली कंसात पर्सेंटाइल. त्या जागेवर प्रवेश मिळालेल्या शेवटच्या उमेदवाराचे ते आकडे.

इथे तीन ठिकाणी घोटाळा होतो.

पहिला, जी म्हणजे मुलगे असं समजणं. मुलगी जी आणि एल या दोन्ही प्रकारच्या जागांना पात्र असते. ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असल्यामुळे एलच्या रकान्यात बऱ्याचदा थोडी सैल रेघ दिसते. मुलीचा अंदाज बांधताना फक्त जीओपनएच बघितलं तर यादी उगाच खाली घसरते. तसंच राखीव प्रवर्गातल्या उमेदवाराने आपला रकाना आणि ओपनचा रकाना, दोन्ही बघायचे.

दुसरा घोटाळा होम युनिव्हर्सिटीचा, आणि तो पुण्यात जास्त होतो. होम युनिव्हर्सिटी तुमच्या पत्त्यावरून ठरत नाही, बारावी जिथून पास झालात त्या कॉलेजच्या जागेवरून ठरते. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतून बारावी केली असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. पण घर सिंहगड रोडला आणि बारावी लातूरच्या कॉलेजातून असेल, तर होम युनिव्हर्सिटी नांदेडची. मग पुण्यातल्या खासगी कॉलेजांसाठी ओने संपणारे रकाने बघावे लागतात, तिथे जागा कमी असतात. सीओईपीसारख्या राज्यस्तरीय जागांना हा फरक लागू होत नाही, तिथे रकाने एसचे असतात.

याच्याच शेजारचा एक भ्रम: कॉलेज कोडच्या पहिल्या अंकावरून होम युनिव्हर्सिटी कळते. तो अंक फक्त तंत्रशिक्षण विभाग दाखवतो. ६ म्हणजे पुणे विभाग. पुण्याच्या पीआयसीटीचा ६२७१. पण सांगलीच्या वालचंदचाही कोड ६००७ आहे, कारण सांगली तंत्रशिक्षणाच्या पुणे विभागात येते. विद्यापीठ मात्र वेगळं, शिवाजी विद्यापीठ. उलट नाशिकच्या कॉलेजांचे कोड ५ने सुरू होतात, तरी पुण्याच्या मुलांसाठी ती होम युनिव्हर्सिटीतली आहेत. यादीत पुण्याबाहेरची चार-पाच कॉलेजं घ्यायची असतील तर नाशिककडे या कारणासाठी आधी बघावं.

तिसरा घोटाळा एकाच वर्षाच्या आकड्यावर विसंबण्याचा. ६० जागांची शाखा म्हटलं की ६० जागा डोळ्यांसमोर येतात. खासगी विनाअनुदानित कॉलेजात ढोबळ हिशोब असा: २० टक्के, म्हणजे १२ जागा संस्थास्तरावर, कॉलेज स्वतः भरतं त्या. १५ टक्के, म्हणजे ९ अखिल भारतीय. उरल्या ३९. त्यातल्या ७० टक्के होम युनिव्हर्सिटीला, म्हणजे साधारण २७. या २७मध्ये १३ टक्क्यांनी एससीच्या ३ ते ४ जागा, १९ टक्क्यांनी ओबीसीच्या ५, आणि २ टक्क्यांनी एनटी-डची अर्धी जागा! म्हणजे एखाद्या वर्षी एक, एखाद्या वर्षी शून्य. जिथे एकच जागा आहे तिथला कटऑफ हा कल नसतो, ती एका मुलाची गोष्ट असते. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजात हा हिशोब आणखी वेगळा पडतो. छोट्या प्रवर्गातल्यांनी म्हणून आपला अंदाज ओपनच्या रकान्यावरच उभा करावा आणि प्रवर्गाचा फायदा मिळाला तर तो वरचा मानावा.

दोन वर्षांच्या याद्या काढा, आणि प्रत्येक फेरीची वेगळी. २०२५ला चौथी फेरी आली, त्याआधी तीन होत्या. त्यामुळे २०२४च्या शेवटच्या फेरीची तुलना २०२५च्या शेवटच्या फेरीशी सरळ होत नाही. शिवाय २०२४-२५पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने, शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली आणि मागणी असलेल्या शाखांत जागा वाढवायला वाट मोकळी झाली. एखाद्या कॉलेजचा कॉम्प्युटरचा कटऑफ अचानक खाली आलेला दिसला तर "कॉलेज घसरलं" असं म्हणण्याआधी तिथल्या जागा ६०च्या १२० किंवा १८० झाल्यात का ते बघा.

चार पट्टे

आता एक उदाहरण. मुलगी हडपसरची, बारावी पुण्यातून, ओपन, मेरिट नंबर ९,४००. तिच्यासाठी प्रत्येक ओळीसमोर मागच्या वर्षीच्या पहिल्या फेरीत एच रकान्यात बंद झालेला नंबर लिहायचा, जी आणि एलमधला जो मोठा असेल तो. मग त्या नंबराला तिच्या नंबराने भागायचं.

भागाकार ०.९च्या खाली, म्हणजे जागा साधारण ८,५००च्या आत बंद झालेली: हे वरचे पर्याय. ०.९ ते १.१५, म्हणजे ८,५०० ते १०,८००: बरोबरीचे, इकडेही जाईल आणि तिकडेही. १.१५ ते १.४, म्हणजे १३,००० पर्यंत: बहुधा मिळतील. त्यापलीकडचे खात्रीचे. हे पट्टे कुठल्या नियमात लिहिलेले नाहीत, अनुभवाचा ठोकताळा आहे. पण एका वर्षात आकडे जितके हलतात त्याला तो बहुतेकदा पुरतो. छोट्या प्रवर्गाच्या जागांसाठी पट्टे दुप्पट रुंद धरा.

तिच्या यादीत वरचे ८ ते १०, बरोबरीचे १२ ते १५, बहुधाचे ८ ते १० आणि खात्रीचे किमान १० हवेत. चाळीस-पंचेचाळीस ओळी झाल्या. फॉर्ममध्ये ३०० पर्यंत भरता येतात, पण ९९ पर्सेंटाइलच्या वरच्यांना २० ओळी पुरतात आणि ८५च्या आसपासच्यांनी ८०-१०० भराव्यात. खालच्या टप्प्यात गुणांची गर्दी असते. थोडे गुण हलले तरी हजारो जण पुढे-मागे होतात.

पट्टे क्रम लावण्यासाठी नाहीत, हे पुन्हा सांगावं लागतं. बरोबरीचा एखादा पर्याय वरच्या पर्यायापेक्षा जास्त आवडत असेल तर तो वरच राहणार. पट्ट्यांनी फक्त मोजायचं: तळाशी पुरेशी माती आहे का? नसेल तर खाली भर घाला, वरचं काही काढू नका.

खात्रीच्या दहा ओळींत एक फसवी गोष्ट असते. दहाही ओळी कॉम्प्युटर, आयटी आणि एआय-डेटा सायन्सच्या असतील तर त्या दहा वेगळ्या खात्र्या नाहीत. एखाद्या वर्षी संगणकाकडे ओढा वाढला की सगळ्या एकदम वर सरकतात. त्यात दोन-तीन ई अँड टीसी, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल हवेत, अर्थात तिथे जायची खरोखर तयारी असेल तर. जिथे जायचंच नाही ती ओळ लिहू नये.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा, मंजूर जागांव्यतिरिक्त ५ टक्के असतात. साठाला तीन. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं तर पात्रता. त्यांचा चॉइस कोड, म्हणजे फॉर्ममध्ये भरायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक, वेगळा, शेवटी टी असतो. त्या ओळी वेगळ्या लिहाव्या लागतात, आणि कटऑफ नेहमीच्या जागेपेक्षा बराच वर असतो. शिवाय ती जागा घेतली की पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.

ऑटो-फ्रीझ

२०२५-२६ला नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप गोठतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एक, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एक मिळाला तरी तसंच. चौथ्या फेरीत जे मिळेल ते शेवटचं. गोठलं की पुढच्या फेऱ्या बंद.

आता "सेफ" म्हणून खात्रीचं कॉलेज पहिल्या ओळीवर टाकणाऱ्याचं काय होतं बघा. पहिल्याच फेरीत ते मिळतं, गोठतं, आणि दुसऱ्या फेरीत त्याच्याहून मागच्या नंबराला चांगलं कॉलेज मिळताना बघत बसावं लागतं. यात संगणकाची चूक काहीच नाही, त्याला सांगितलं तेच त्याने केलं.

काही जण उलटी शक्कल लढवतात. वरच्या सहा ओळींत मुद्दाम न मिळणारी कॉलेजं भरतात, म्हणजे सातव्या ओळीचं मिळालं तरी बेटरमेंटचा, म्हणजे पुढच्या फेरीत आणखी चांगली जागा मिळवण्याचा, दरवाजा उघडा राहतो. शक्कल चालते. पण त्या सहा ओळी खऱ्या आवडीच्या हव्यात. भर म्हणून लांबच्या गावचं कॉलेज टाकलं आणि नेमकं तेच लागलं, तर सामान बांधायला घ्या.

गोठलं नसेल तर जागा स्वीकारून, १,००० रुपये जागा स्वीकृती शुल्क भरून बेटरमेंट निवडता येतं. पुढच्या फेरीत नवी जागा मिळाली की आधीची आपोआप जाते. म्हणून बेटरमेंटच्या फॉर्ममध्ये हातातल्या जागेपेक्षा खरोखर चांगल्या ओळीच ठेवा. जुनी चाळीस ओळींची यादी तशीच पुन्हा पाठवली तर खालचं काहीतरी लागून हातचं जाण्याची भीती असते.

नावांचा गोंधळ, पैसे आणि रस्ता

पुण्यात एका संस्थेची कॉलेजं चार दिशांना आहेत. सिंहगडची वडगाव, नऱ्हे, कोंढवा आणि थेट लोणावळ्यात. जेएसपीएमची ताथवडे, नऱ्हे, हडपसर, वाघोली. एमआयटी म्हटलं की कोथरूड, आळंदी की लोणी काळभोर? बिबवेवाडीचं व्हीआयटी वेगळं आणि वेल्लोरचं वेगळं. भारती विद्यापीठाचं धनकवडीचं अभियांत्रिकी कॉलेज अभिमत विद्यापीठात येतं, पण त्याच संस्थेचं कात्रजचं मुलींचं कॉलेज कॅपमध्ये आहे. ओळख पटवायची खूण सोपी: चॉइस कोड नाही म्हणजे कॅपमध्ये नाही. कर्वेनगरचं कमिन्स फक्त मुलींसाठी आहे, तिथला जी रकाना बघून मुलांनी आशा लावू नये. दिघीचं आर्मी इन्स्टिट्यूट सैन्यातल्यांच्या मुलांसाठी आहे.

खासगी आणि अभिमत विद्यापीठं, आणि जेईईवरून जोसा या देशपातळीवरच्या प्रवेशप्रक्रियेमार्फत भरलं जाणारं पुण्याचं ट्रिपल आयटी, यांच्या प्रक्रिया आणि तारखा वेगळ्या. त्यांची वेगळी यादी करा. तुलना करताना फीचा आकडा तेवढाच ठेवू नका. कॅपमधून प्रवेश घेतलेल्या, उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओपनच्या मुलांना राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळते. त्याच उत्पन्न मर्यादेतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५पासून पूर्ण शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. हे संस्थास्तरावरच्या जागेला किंवा खासगी विद्यापीठाला लागू नाही. तिथे फी कमी दिसली तरी हाती लागणारा हिशोब उलटा निघू शकतो.

अंतराचं म्हणाल, तर हडपसरहून आकुर्डीला रोज जायचं म्हणजे मेट्रो, लोकल किंवा पीएमपी यांपैकी दोन तरी बदलावी लागतात. शिवाजीनगरला मेट्रो आहे, ताथवडे आणि वाघोलीला नाही. एका सोमवारी सकाळी प्रत्यक्ष जाऊन या. नकाशावरचे पंचेचाळीस मिनिटं रविवारचे असतात.

कागद आणि शेवटची रात्र

यादी प्रवर्गावर उभी असेल तर प्रमाणपत्र हातात आहे का, हे आधी. नॉन-क्रिमिलेयरची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंतची लागते, आणि जात पडताळणीला वेळ लागतो. गेल्या काही वर्षांत अर्जाच्या पावतीवर तात्पुरता दावा चालला, पण मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर उमेदवार ओपनमध्ये जातो आणि प्रवर्गावर मिळालेली जागा जाते. पावतीवर असाल तर खात्रीचा पट्टा ओपनच्या रकान्याने मोजा.

फॉर्म भरून सेव्ह केला म्हणजे झालं नाही. कन्फर्म करावा लागतो. न केलेला फॉर्म वाटपात धरतच नाहीत. शेवटच्या दिवशी संध्याकाळी साइट रेंगाळते, म्हणून आदल्या दिवशी उरका. कन्फर्म करण्याआधी एकाने वहीतला चॉइस कोड एकेक अंक मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवायचं. वाचणारा आणि बघणारा वेगळा हवा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, आणि कंसात डेटा सायन्स लावलेलं तेच, ही तीन नावं रात्री अकरा वाजता अगदी सारखी दिसतात. कोड मात्र तिन्हींचे वेगळे असतात.